तांडेल बाईंची परात

तांडेल बाई गेल्याचा फोन आला तेव्हा मी शाळेच्या प्रयोगशाळेतच होते, त्यांच्या परातीसमोर. महिना होऊन गेला, पण ती परात कपाटात ठेवायचा धीर अजून कुणाला झालेला नाही.

बाई मढच्या कोळीवाड्यातल्या, आमच्या शाळेत विज्ञान शिकवायच्या. मी चारकोपहून येणारी, मराठी शिकवणारी. वारा म्हणजे दोरीवरचे कपडे उडवणारी कटकट, एवढंच माझं ज्ञान. चक्रीवादळाचा धडा आला की बाई घरची पितळी परात काखेत मारून आणायच्या. पाणी भरून पळीनं घड्याळाच्या उलट गरागरा फिरवायच्या आणि मधोमध थर्माकोलची होडी सोडायच्या. होडी जागच्या जागी राहायची. "थांबलं ना वादळ?" मुलं हो म्हणायची. मग बाई बोटानं होडी जराशी पुढे सरकवायच्या आणि ती गरकन ओढली जायची, म्हणजे वादळ अर्धंच झालेलं, उरलेल्या अर्ध्यात वारा उलट्या दिशेनं... वादळाच्या मधल्या त्या शांत जागेला डोळा म्हणतात, हे मी त्यांच्या वर्गाच्या दारात उभी राहून शिकले. दर वर्षी बघायचे आणि दर वर्षी थक्क व्हायचे.

वादळात वारा पडला की होड्यांचे दोर बघायला किनाऱ्यावर धावायचं, ही कोळीवाड्यातली रीत. बाईंचे वडील असेच धावले होते, परत आले नाहीत. वर्गात हे त्यांनी कधी काढलं नाही. मला एकदाच सांगितलं, डबा खाताना. मुलांना मात्र गृहपाठ ठरलेला: घरी परात मांडायची आणि बापाला दाखवायची.

मग एका मे महिन्यात वादळ खरंच किनाऱ्यावर आलं. भर दुपारी वारा पडला, ऊनसुद्धा आलं. सातवीतल्या प्राचीचे वडील निघाले, तर पोरगी उंबऱ्यात आडवी बसली.

"बाबा, अजून अर्धी परात बाकी हाय."

ते चिडले, ओरडले. ती हलली नाही. तेवढ्यात वारा उलट्या बाजूनं आला आणि होडी घेऊन गेला. वडील घरातच होते. पुढे ते शाळेत येऊन बाईंसमोर नुसते हात जोडून उभे राहिले. बाई पदरानं चष्मा पुसत राहिल्या. इतकं मोठं माणूस मी जवळून पाहिलेलं नाही.

गेल्या आठवड्यात तो धडा माझ्यावर आला. निम्मं पाणी माझ्या साडीवर सांडलं, पण होडी मधोमध थांबली. मी विचारलं, "थांबलं ना वादळ?"

एकही मूल हो म्हणालं नाही.