जाम नदीच्या उतारावरचा ढीग

रस्त्याकडेला दगडांचा ढीग दिसला की ते प्रकरण मला अजून आठवतं, आणि अजून डोकं तापतं.

तेव्हा मी पांढुर्ण्याचा ठाणेदार होतो. कारभार नागपूरहून चाले. प्रांतांची फेरमांडणी झाली तर आपण कुठे जाणार, यावर बाजारात रोज वाद. त्या वर्षी पोळा आणि मोहरम पाठोपाठ आले. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे गोटमार असते. जाम नदीच्या एका काठावर पांढुर्णा, दुसऱ्यावर सावरगाव, आणि दिवसभर एकमेकांवर दगडफेक. प्रथाच ती. बंदोबस्तात एक दगड माझ्याही खांद्याला बसला. तो खांदा बरा होण्याआधीच मोहरमचा चंद्र दिसला. ताजियांचा, म्हणजे खांद्यावरून निघणाऱ्या ताबुतांचा, मार्ग, परवाने, दिवाबत्ती, आड येणाऱ्या फांद्या अशी कामांची यादी करून मी ठाण्याच्या भिंतीवर लावली. यादीत नव्हतं तेच घडलं.

ताजिये उठायच्या आदल्या दिवशी सकाळी मोहल्ल्यातले शिंपीचाचा आले. "साहेब, नदीच्या उतारावर हिंदू लोक दगड जमा करून राहिले. ताजियावर मारतीन."

ते जातात न जातात तोच कापसाचे एक शेठ आले. "साहेब, मुसलमानांनी दगड जमवले. आमच्या दुकानांवर मारतीन."

"कुठे जमवले?"

"नदीच्या उतारावर. चिंचेखाली."

दोघांचा ढीग एकच. स्वतः पाहिला का, असं विचारलं तर दोघांनीही दुसऱ्या कोणाकडून तरी ऐकलेलं. मी जमादाराला पाठवलं. तो परतला तो सावरगावच्या एका शेतकऱ्याला घेऊनच. ढिगाजवळ बैलगाडी रिकामी करताना सापडला होता. शांतताभंगाच्या संशयावरून त्याला कोठडीत टाकलं.

"दगड कशासाठी?" मी विचारलं.

"कामासाठी जी."

"कोणाच्या?"

"माह्याच."

"कोणी आणायला सांगितले?"

"कोणीच नाही जी."

दुपारभर हेच. धमकावलं, चहा पाजला, पुन्हा धमकावलं. जमादार म्हणाला, "साहेब, याच्यापेक्षा याचे बैल जास्त बोलतीन."  फक्त एकदा शेतकऱ्याने स्वतःहून विचारलं, "उद्या ताजिया उतारावर यायच्या आधी सोडसान ना?" या प्रश्नाने माझा संशय आणखी वाढला. संध्याकाळी सौंसरहून वरिष्ठांचा निरोप आला: ताजिये थंडे होईपर्यंत, म्हणजे नदीत विसर्जन होईपर्यंत, त्याला सोडू नका.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी स्वतः उतारावर गेलो. ढीग पाहिला आणि जमादाराला म्हणालो, "एक उचल."

त्याने दोन्ही हात लावले, कमरेपर्यंत आणला आणि सोडून दिला.

"आता हा फेकून दाखव."

त्याने हात झटकले. गोटमारीचा दगड मुठीत मावतो, हे माझ्या खांद्याला चांगलं ठाऊक होतं. हे रुंद, चपटे धोंडे होते, पायरीला लावतात तसले. समोरचा उतार पाहिला. पुराने माती वाहून गेली होती, नुसता चिखल. आणि ताजिया याच उतारावरून पाण्यात जाणार होता.

ठाण्यात परतलो तर त्या शेतकऱ्याची बायको पोरीला कडेवर घेऊन बसलेली. पोरगी आजारातून उठलेली, नुसती काडी. आमच्याकडे हिंदू घरंही ताजियाला नवस बोलतात, लेकरांना त्याच्याखालून काढतात.

बाई म्हणाली, "मागच्या साली खांदेकऱ्याचा पाय घसरला, ताजिया कलला. पोरगी तवा तापानं फणफणत होती. हे बोलले, पोरगी उठली तर उतारावर आपल्या हातानं दगड बसवीन, अन् फेडल्याबिगर कोणाले सांगणार नाही. म्यां सांगतलं, माह्या तोंडानं. त्यायचा शब्द नाही मोडला ना, साहेब?"

नवस गुप्त, आणि त्यापायी अख्खं ठाणं कामाला. मला हसावं की ओरडावं ते कळेना. "नाही मोडला," मी म्हणालो आणि माणसाला सोडलं. सौंसरला काय कळवायचं ते नंतर पाहू म्हटलं.

दुपार कलत आली होती. एकट्या माणसाने संध्याकाळपर्यंत एवढे धोंडे वाहून बसवणं शक्य नव्हतं. मी शिंपीचाचांना आणि शेठना बोलावणं धाडलं.

"दगडांची काळजी तुम्हा दोघांनाच होती. आता वाहा."

शेठ म्हणाले, "मी? साहेब, माझी कंबर..."

"कालच्या खबरीच्या वेळी ठीक होती."

बसवायचे मात्र शेतकऱ्याने एकट्यानेच. नवस स्वतःच्या हाताचा होता. हे दोघे धोंडे आणून देत, तो चिखलात गुडघे रोवून बसवी. मध्येच चाचा शेठना म्हणाले, "हळू उचल बे, मले काही झालं तर तुही शेरवानी कोण शिवन?"

संध्याकाळी ताजिया आला. खांदेकऱ्यांचे पाय दगडांवर नीट पडले. तो शेतकरी पोरीला घेऊन कडेला उभा होता. त्याने ताजियाकडे पाहिलंच नाही, फक्त खांदेकऱ्यांच्या पावलांकडे पाहत राहिला.

नोकरीत मोठे तपासही केले. पण खबर खरी की खोटी याआधी ती हलकी की जड ते पाहावं, हे मी त्या उतारावर शिकलो. माणसं भीती फार लवकर मोजतात आणि वस्तूला हात लावत नाहीत.

पुढच्या वर्षी मोहरमला शिंपीचाचा पुन्हा ठाण्यात हजर. "साहेब, नदीवर दगड जमा होऊन राहिले."

मी यादीवरून मान वर केली नाही. "चाचा, उचलून पाहिला का?"