राखेतली सळई

मोडलेल्या मांडीच्या हाडात सळई घातली, तरी बाबा तो पाय जमिनीला टेकवायला तयार होईनात. सळई वाकेल, अशी त्यांची खात्री होती. डॉक्टरांनी समजावलं की सळई आणि हाड भार वाटून घेतात, आणि हाडावर भार आलाच नाही तर ते नीट जुळणार नाही. काशीच्या रामघाटावर आयुष्यभर वेद शिकवणाऱ्या बाबांनी ते शांतपणे ऐकून घेतलं आणि पाय अधांतरीच ठेवला.

पुढच्या तपासणीला दवाखान्याच्या बाकावर शेजारी एक माणूस होता. एक हात गळ्यात बांधलेला, भुवया होरपळलेल्या. तो प्रत्येकाला डोक्यापासून पायापर्यंत शिंप्यासारखा न्याहाळत होता. न विचारता त्याने माझ्या हातातला एक्स-रे घेतला आणि खिडकीसमोर धरला. 'एक्सक्यूज मी,' मी मनातच म्हणाले.

"बेफिकर खड़े हो जाइए, पंडितजी. ऐसी छड़ हमने कई बार राख में से निकाली है. सीधी की सीधी."

"कौन-सी राख?" बाबांनी विचारलं.

"मणिकर्णिका की. चिता हम ही लगाते हैं."

स्मशानातून आलेल्याचा स्पर्श झाला की बाबा स्नान करतात. दोघांच्या मध्ये बसावं का, असा मी विचार करत होते. तेवढ्यात बाबांनीच त्याच्या धड खांद्यावर हात ठेवला, पाय टेकवला आणि ते थरथरत उभे राहिले.

तो जागचा हलला नाही.

"आराम से, पंडितजी," तो म्हणाला. "हमें कोई जल्दी नहीं है."