वार लावून जेवलेला माणूस

बाबा भारतातून इथे मिल्टनला आमच्याकडे राहायला आले, तेव्हा मी फ्रिजवर तक्ता लावला: इन्सुलिन, ड्रेसिंग, काय खायचं नाही. त्यांच्या पायाची जखम भरत नव्हती. साखर आटोक्यात आली नाही तर बोटं काढावी लागतील, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. तक्त्यात शेजारच्या आजी मात्र नव्हत्या.

आजी मूळच्या आयर्लंडच्या, नव्वदीला टेकलेल्या, एकट्या. मी ऑफिसात असताना त्या सफरचंदाचा केक घेऊन येत. दुसऱ्या दिवशी कालचा केक विसरलेल्या असत आणि पुन्हा येत. बाबा "व्हेरी टेस्टी" म्हणत खात, आणि आजी त्यांना आपल्या देशातल्या एका महावीराची गोष्ट सांगत. तीही रोज तीच. एका संध्याकाळी बाबांनी ती मला ऐकवली.

त्या वीराला दोन बंधनं होती. कुत्र्याचं मांस खायचं नाही, आणि कुणी चुलीपाशी बोलावलं तर न खाता पुढे जायचं नाही. शेवटच्या लढाईला निघाला, तर वाटेत तीन म्हाताऱ्या कुत्रंच भाजत बसलेल्या. गरिबाघरचं तू कशाला खाशील, असं त्यांनी टोचलं. त्यानं घास घेतला, आणि ज्या हातानं घेतला त्या हातातलं बळ गेलं.

"डब्यात घालून न्यायचं होतं," मी म्हटलं.

बाबा हसले. "अगं, त्याला तुझ्यासारखी लेक नव्हती ना!"

"मस्करी नाही बाबा. पाय जाईल तुमचा."

"कळतं मला."

"मग एकदा नाही म्हणा की!"

ते पायाच्या पट्टीकडे बघत राहिले. "शाळेत असताना मी वार लावून जेवलो. रोज वेगळं घर. त्या बायकांनी वाढलं नसतं तर मॅट्रिकसुद्धा झालो नसतो. बाईच्या हातचं ताट परत करणं मला जमतच नाही."

मग मी आजींना समजावलं. त्यांनी माझा हात धरून माफी मागितली. दुसऱ्या दिवशी केक हजर. त्यांच्या फ्रिजवर मोठ्या अक्षरांत चिठ्ठी लावली. "ही तुमची दिसते," म्हणून त्यांनी ती केकसोबत मला आणून दिली. त्यांच्या मुलाला फोन केला. तो म्हणाला, "तिच्याकडे आता तेवढंच उरलंय हो."

थंडी सुरू झाली आणि बाबांच्या पायाची करंगळी काढावी लागली.

मी घरून काम मागून घेतलं. आता दार मी उघडणार होते. बेल वाजली. आजी बर्फातून घरातल्याच सपाता घालून आल्या होत्या, हातात गरम ताटली. माझं वाक्य पाठ होतं.

"नवीन राहायला आलात ना?" त्या म्हणाल्या. "साधंच आहे. आमच्याकडचं चालेल ना तुम्हाला?"

ताटली माझ्या हातात आली होती. मागून वॉकरचा आवाज जवळ येऊ लागला.

"कोण आलंय गं?" बाबा विचारत होते. "आत घे त्यांना, गारठतील."