कमी पॉवरचं इंजिन

माझा नवरा संग्राम अत्यंत भला माणूस आहे, आणि नेमका त्याचाच मला संताप येतो. भला म्हणजे काय, तर चार लोकांत बसला की याला स्वतःचं मत उरत नाही. इथे आयर्लंडात, ॲथलोनमधल्या वैद्यकीय उपकरणांच्या कारखान्यात तो इंजिनिअर आहे. तिथे केसाएवढा फरक सापडला तरी अख्खी लाइन बंद करून साहेबाशी वाद घालतो. पण आपल्या मराठी मंडळातला कुणी नुसतं ‘अरे, असं कुठे असतं का’ म्हणाला की हा पाघळला. आमच्या बैठकीच्या खोलीतले पडदेसुद्धा मंडळाने निवडलेत. तपकिरी. मी रोज बघते आणि रोज चिडते.

गॅरेजमधली जुनी फोर्ड मात्र फक्त त्याची आणि ईशानीची होती. ईशानी आमची मुलगी, सोळा वर्षांची. गावाबाहेरच्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या शेडमध्ये ती गाडी पडून होती, तिच्या टपावर कोंबड्या बसायच्या. बापलेकींनी ती घरी आणली, खरवडली, रंगवली. शनिवारी सकाळी दोघं निळे डगले चढवून गॅरेजमध्ये शिरायचे ते जेवायलाच बाहेर. तो मराठीत बोलायचा, ती आयरिश हेल काढून इंग्रजीत उत्तर द्यायची, आणि दोघांचं झकास चालायचं. बाहेर पोरीच्या तोंडून ‘ग्रँड’, म्हणजे इथलं ‘ठीक आहे’, यापलीकडे शब्द निघत नाही, गॅरेजमध्ये मात्र तिची टकळी थांबत नसे.

दोघांनी आधी सुपरचार्जर आणला. म्हणजे लग्न ठरायच्या आधी घोडा. मग इंजिन शोधायला निघाले. जुनं इंजिन गंजून गेलं होतं, म्हणून नवंकोरं घ्यायचं ठरलं. कारखान्यातच जुळवून लाकडी पेटीत बंद होऊन येतं, त्याला क्रेट इंजिन म्हणतात. कुठलं घ्यायचं, यावर ईशानीने कित्येक आठवडे डोकं लढवलं होतं. सुपरचार्जर इंजिनात जास्तीची हवा कोंबतो. म्हणून इंजिनाने स्वतः आत कमी दाब द्यायला हवा आणि पिस्टन ठोकून घडवलेले, दणकट हवेत. मला तिने हे कुकरवरून समजावलं होतं. “आई, इफ द कुकर इज ऑलरेडी फुल, यू डोंट पुट अ ब्रिक ऑन द शिट्टी.” मला कळलं. मला कळलं म्हणजे कुणालाही कळावं.

इंजिन आणायला लिमरिकला आम्ही तिघं जाणार होतो. संग्रामने जयेशला बरोबर घेतलं. जयेश मंडळाचा खजिनदार, सॉफ्टवेअरमधला, गाडीत हवा भरायलाही दुसऱ्याला सांगणारा. पण ‘चार डोळे असलेले बरे’ म्हणे.

दुकानात दोन पेट्या समोर होत्या. एका इंजिनावर पॉवरचा आकडा मोठा, पण ते सुपरचार्जरशिवाय पळवायचं. दुसऱ्याचा आकडा लहान, दाब कमी, पिस्टन घडीव. ईशानीने लहान आकड्याचं निवडलं आणि का ते सांगितलं. दुकानदाराने तिला दोन प्रश्न विचारले, तिची उत्तरं ऐकली आणि संग्रामला म्हणाला, “शी हॅज इट राइट.”

तेवढ्यात जयेश मराठीत सुरू झाला. “काय राव, एवढ्या लांब येऊन कमी पॉवरचं नेणार? उद्या लोक विचारतील, किती पॉवर, तेव्हा काय सांगशील? आणि दुकानदार काय, खपत नाही तेच गळ्यात मारणार.”

आमच्या लोकांना प्रत्येक गोष्टीचे मार्क लागतात. पोराला किती, घराला किती बेडरूम, इंजिनाला किती. जास्त आकडा तो चांगला, संपला विषय.

मी म्हणाले, “संग्राम, तिने सांगितलंय ना?”

“वहिनी, तुम्ही टेन्शन नका घेऊ,” जयेश म्हणाला.

आणि माझा भला नवरा हसून म्हणाला, “अरे, लहान आहे ती. व्हिडिओ बघून बोलते. तिला काय कळतंय? आपण मोठंच घेऊ.”

हे तो ईशानीच्या शेजारी उभा राहून बोलला, मराठीत. इथली पोरं इंग्रजीत उत्तर देतात म्हणून त्यांना मराठी ऐकूच येत नाही, असा आमच्या मंडळींचा लाडका समज आहे. मी पोरीचं तोंड बघत होते. ती म्हणाली, “ग्रँड.” घरी आल्यावर निळा डगला तिने जिन्याखालच्या कपाटात टांगला. मी संग्रामला रात्रभर धारेवर धरलं. तो म्हणाला, “अगं, रुसलीय, येईल.”

आली नाही. इंजिन त्याने एकट्याने बसवलं, वर सुपरचार्जरही. दसऱ्याला गाडीला झेंडूचा हार घातला, चाकाखाली लिंबू ठेवलं, अख्खं मंडळ जमलं. “किती पॉवर?” सगळ्यांनी विचारलं. जयेशने सांगितलं. संग्राम गाडी घेऊन निघाला आणि दोरीने ओढत परत आणावी लागली. पिस्टनला भोक पडलं होतं. “नजर लागली,” बायका म्हणाल्या. माझं डोकंच फिरलं. नजर कसली लागतेय, अक्कल गहाण टाकली होती. मी तसं म्हणाले आणि उरलेले पेढे डब्यात भरून टाकले.

संग्रामने तो फुटका पिस्टन जेवणाच्या टेबलावर ईशानीसमोर ठेवला. तिने मान वर केली नाही. पुढच्या आठवड्यात तो एकटाच लिमरिकला जाऊन आला. तिने सांगितलेलं इंजिन आणलं, पण पेटी उघडली नाही. रोज कामावरून आला की पेटीवरची धूळ पुसायचा आणि घरात यायचा. मला दया येत होती आणि दया येते म्हणून आणखी राग येत होता. तोंड उघडून माफी मागायला या माणसाला काय होतं?

गेल्या रविवारी जयेश चहाला आला आणि थेट गॅरेजमध्ये घुसला. ईशानी तिथे सायकल काढत होती. मी दारात उभी होते.

“हे कमी पॉवरचं आणलंस?” जयेश हसला. “शेवटी पोरीचाच हट्ट पुरवलास.”

संग्रामने पेटीवरचं फडकं उचललं. मला वाटलं, आता हा हसणार, आणि मग मी या माणसाशी आयुष्यात बोलणार नाही.

“हट्ट नाही,” तो म्हणाला. “तिचं बरोबर होतं. मी चुकलो. आणि जरा जपून बोल जयेश, तिला मराठी कळतं.”

ईशानीने सायकल भिंतीला टेकवली. “त्या दिवशी दुकानात पण कळत होतं, बाबा,” ती म्हणाली. मराठीत.

संग्रामचा चेहरा पडला. इतके दिवस त्याला वाटत होतं, पोर इंजिनासाठी रुसलीय.

जयेश चहाचं निमित्त काढून घरात पळाला. संग्रामने कोपऱ्यातली पहार उचलली आणि तिच्यापुढे धरली. तिने ती घेतली. तिचे डोळे भरलेले होते, पण राग तसाच होता, आणि मला तिचा अभिमान वाटला.

“तू बाजूला हो,” ती म्हणाली, आणि पेटीची पहिली फळी उचकटली.