बर्फाच्या यंत्राला नारळ

माझ्या थोरल्या मामांना यंत्र बिघडल्याचं जेवढं सुख होतं, तेवढं ते चालल्याचं कधीच होत नाही. धडधाकट यंत्राकडे ते ढुंकूनही बघत नाहीत, पण कुठं खुट्ट झालं की यांचे कान टवकारलेच. जन्मभर ते मोहोळच्या बसस्थानकात चौकशीच्या खिडकीत बसले. लोकांनी गाडी कधी लागणार म्हणून विचारायचं आणि मामांनी आवाज ऐकून सांगायचं, "लागंल की, पण फुडं जायची न्हाय. क्लच गेलाय तिचा." निवृत्त होऊन सोलापुरात आले तेव्हा खिडकी सुटली, चौकशी सुटली नाही. शेजारणीचा मिक्सर असो की सोसायटीची पाण्याची मोटर, स्क्रूड्रायव्हरचं टोक यंत्राला आणि मूठ स्वतःच्या कानाला लावून ते डोळे मिटून बसतात. माझ्या लग्नात मंगलाष्टकं सुरू झाली आणि माझ्या पाठीशी उभे राहायचे मामाच गायब! मंडपामागं जनरेटरपाशी उकिडवे बसलेले सापडले. "मिसिंग मारतंय रं," एवढंच म्हणाले. शेवटच्या मंगलाष्टकाला माझ्या पाठीशी कोण उभं होतं, ते मला अजून ठाऊक नाही.

वॉरंटीला मात्र ते देवासारखं मानतात. वॉरंटी कार्ड देव्हाऱ्याखालच्या खणात असतं आणि मुदत संपेपर्यंत यंत्राचा एक स्क्रू ते सैल करत नाहीत. "कंपनीनं शबुद दिलाय, आपुन बी पाळायचा." एकुलत्या एका लेकीशी, सुजाताशी, त्यांचं बोलणंही असंच कामापुरतं. ती कॅनडात नोकरीला. मामी होत्या तोवर फोनवर "जेवलीस का?"पासूनचं सगळं बोलणं हे मामींचं खातं होतं, मामा मागून फक्त "गाडीचं सर्व्हिसिंग केलंस का?" एवढं विचारत. मामी गेल्या, आणि रविवारचा फोन पाच मिनिटांत आटपू लागला.

गेल्या हिवाळ्यात सुजातानं दारातला बर्फ उडवायचं पेट्रोलवरचं नवं यंत्र घेतलं. मामांच्या अंगात वारं शिरलं. बर्फ दगडासारखा असतो की पिठासारखा, तो उडून शेजाऱ्याच्या दारात पडला तर भांडणं होतात का, असं काय काय विचारून त्यांनी तिला भंडावलं. मग नव्या यंत्राची पूजा आलीच. रविवारी साडेचारला सोलापुरात राहुकाळ लागतो, म्हणून मामांनी तिला तिकडच्या पहाटे उठवलं. फोनच्या पडद्यावर मी आणि मामा, तिकडं थंडीनं काकडणारी सुजाता, यंत्राला हळदकुंकू. ती पेट्रोल भरत होती तेवढ्यात मामा घड्याळाकडं बघून ओरडले, "आगं, नारळ फोड आदी! पाणी शिपड त्याच्यावर, येळ चाललाय!" तिनं घाईघाईनं नारळ फोडला आणि पाणी यंत्रावर ओतलं. टाकीचं झाकण उघडंच होतं, हे कुणाच्याच ध्यानात आलं नाही.

यंत्र सुरू होईना. मग रोज संध्याकाळी, म्हणजे तिकडं सकाळी, कामावर जायच्या आधी सुजाताचा फोन. "चोक दे. आता वढ दोरी. आनखी वढ," इकडून मामा. प्लग काढून बघायला त्यांचे हात शिवशिवत, पण वॉरंटी होती. "गारठलंय बिचारं, त्याच्यावर चादर टाक," असाही एक उपाय झाला. बर्फ काढायच्या यंत्राला थंडी वाजते, हे निदान जगात फक्त आमच्या मामांनीच केलं असेल. फावड्यानं बर्फ ओढून सुजाताची पाठ धरली होती, तरी ती फोन करत राहिली. आणि मामा, खरं सांगायचं तर, मामींच्या मागं इतके खुशीत मी त्यांना पाहिलेच नव्हते.

शेवटी कंपनीचा माणूस आला, तेव्हाही आमचा फोन चालूच होता. त्यानं कार्ब्युरेटर उघडला, तर आत पाणी गोठलेलं. टाकीत पाणी कसं गेलं, असं तो विचारू लागला. "आय डोन्ट नो," सुजाता चाचरत म्हणाली. इकडं मामांचा चेहरा पडला. त्यांना नारळ आठवला होता. ते एकदम फोनमध्ये ओरडले, "नो, नो! कोकोनट वॉटर! माय मिस्टेक! डॉटर नॉट गिल्टी!" हे वॉरंटीत बसत नाही, असं त्या माणसानं स्पष्ट सांगितलं, पण तिथल्या तिथं सफाईही करून दिली. यंत्र फुरफुरलं, चालू झालं. मामांनी डोळे मिटून ऐकलं. "येक नंबर," म्हणाले. फोन ठेवल्यावर मात्र घड्याळाकडं बघत बसले. मग हळूच म्हणाले, "झालं की. आता कशाला फोन करंल ती?"

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी गेलो, तर फोन समोर ठेवून बसलेले. वाट बघत नव्हते म्हणे. साडेपाचला फोन वाजला आणि त्यांनी झडप घातली.

"काय बिगाडलं?"

"काही नाही अण्णा. मशीन मस्त चालतंय. सहजच केला फोन."

मामा गडबडले. काही बिघडलेलं नसताना लेकीशी काय बोलायचं असतं, हे ठरवायची वेळ त्यांच्यावर कधी आलीच नव्हती. शेवटी ते मामींसारखंच म्हणाले, "मग... जेवलीस का?"

तिकडं तेव्हा सकाळचे सात वाजले होते.

"व्हय अण्णा," सुजाता म्हणाली, "जेवले की."