मजकूर लवकरच येईल

लॅबमध्ये त्याला सगळे मिलिमीटर म्हणत. लॅब कवळ्यांची. दातांचे डॉक्टर बोळक्या तोंडाचा साचा पाठवून द्यायचे आणि हा त्यावर मेणाची हिरडी चढवून तिच्यात एकेक दात रोवायचा. दात अर्धा मिलिमीटर पुढे आला तरी पुन्हा मेण तापवायला घ्यायचा. "अहो, त्या आजोबांना काय कळणार आहे?" असं मालक वैतागून म्हणाले की याचं उत्तर ठरलेलं, "आजोबांना नाही कळणार. त्यांच्या जिभेला कळेल." एकतीस वर्षांत त्याने हजारो लोकांना दात दिले, पण त्यांतलं एकही माणूस त्याने हसताना पाहिलं नव्हतं. माणसं डॉक्टरकडे जायची, याच्याकडे नुसते जबडे यायचे.

बायको गेली त्याला नऊ वर्षं झाली. चौथ्या दिवशी तो कामावर हजर. कुणी विचारलं, जेवलास का, तर म्हणाला हो. कुणी विचारलं, रडलास का, तर त्याच सुरात म्हणाला नाही. दातांच्या धंद्यात राहून गडी बधिर झालाय, असं लॅबमधले आपसात म्हणायचे. थट्टाच ती, पण खोटी नव्हती. दात काढण्याआधी सुई टोचली की गाल कसा आपला राहत नाही, तसं त्याला स्वतःचं सगळंच वाटायचं. भूल उतरली की दुखायला लागतं हेही त्याला ठाऊक होतं, म्हणून ती उतरावी अशी घाई तो करत नसे.

मामाला काहीतरी नाद लागावा म्हणून भाच्याने त्याच वर्षी त्याला वेबसाइट करून दिली. "मामा, हे तुझं स्वतःचं पान. काय वाटेल ते लिही." मिलिमीटरने बराच विचार करून पाच वाक्यं लिहिली. 'नमस्कार. हे माझं पान. मी दात बनवतो. माझ्याविषयी सांगण्यासारखं फारसं नाही. बाकी मजकूर लवकरच येईल.'

नऊ वर्षं झाली, ते लवकर काही आलं नाही. मजकुराच्या नावाने शंख. पण पानाचं रूप? ते मात्र नव्या नवरीसारखं रोज नटायचं. सकाळी चहाचा कप घेऊन तो संगणकापुढे बसला की समास दोन रेघा आत घे, ओळींमधलं अंतर केसभर वाढव, मथळा जरा खाली ओढ, असं कामाला निघेपर्यंत चालायचं. कवळीचा रंग जुळवायला लॅबमध्ये पांढऱ्याच्या सोळा छटांची पट्टी असते. त्या सोळाही छटा त्याने आळीपाळीने पानाच्या पार्श्वभूमीला लावून पाहिल्या होत्या. सोळातला तिसरा आणि पाचवा यांतला फरक सांगणारं माणूस पृथ्वीतलावर एकच होतं, आणि ते म्हणजे तो स्वतः. घर रोज रंगवायचं आणि राहायला कुणी जायचं नाही, असला प्रकार.

वाचकही एकच होता. त्याची ताई. त्याच्याहून अकरा वर्षांनी मोठी, तीन तासांच्या अंतरावर एकटी राहणारी, जन्मभर प्राथमिक शाळेत शिकवलेली. याला अक्षरं तिनेच गिरवायला लावली होती. अक्षरावरची रेघ राहिली की कान पिळायची आणि म्हणायची, "छप्पर घाल त्यांच्या डोक्यावर. भिजतील ना बिचारी!" भाच्याने आपल्या आईला एक टॅब देऊन ठेवला होता. त्यावर ती रोज भावाचं पान उघडायची आणि सकाळी सात दहाला फोन करायची. "आज समास वाढवलास. बरं केलंस. मजकूर कधी?" "लवकरच," हा म्हणायचा. मग दोघं फोन ठेवायचे. याच्या दिवसातलं लॅबबाहेरचं बोलणं तेवढंच.

तीन वर्षांपूर्वी ताईच्या डोळ्यांनी दगा द्यायला सुरुवात केली. आतली शीर सुकत चाललीय, डॉक्टर म्हणाले, गेलेलं परत येणार नाही. मिलिमीटरने पानावरची अक्षरं मोठी केली, मग आणखी मोठी केली. एकदा वाटलं, अक्षरं जरा सुटी केली तर तिला सोपं जाईल, म्हणून दोन अक्षरांमधलं अंतर वाढवलं. सात दहाच्या आधीच फोन वाजला. "अरे, डोकी उडवलीस की सगळ्यांची! शिरोरेषा तुटलीय, दिसत नाही का तुला?" खरंच होतं. आपली अक्षरं डोक्यावरून एकमेकांचा हात धरून उभी असतात. त्यांना लांब केलं की रेघेचे तुकडे होतात आणि शब्द पडक्या दातांसारखा दिसायला लागतो. त्याने दहा मिनिटांत सगळं पूर्ववत केलं. पाहिलंत ना, तेव्हा बाई अशी होती.

भाचा लांब नोकरीला. त्याच्या जिवाला घोर. आईला सरळ विचारलं तर ती म्हणायची, "तुझ्यापेक्षा बरं दिसतं मला." कारण भाच्याने सांगूनच ठेवलं होतं, ज्या दिवशी दिसायचं बंद होईल त्या दिवशी मी तुला माझ्याकडे नेणार. आणि ताईने सांगून ठेवलं होतं, मी माझ्या घरातून हलणार नाही. मग भाचा मामाला विचारायचा. मामा छातीठोकपणे म्हणायचा, "दिसतं की! रोज माझं पान वाचते." एकदा तर भाच्याने व्हिडिओ कॉलवर आईची परीक्षाच घेतली. मामाचं पान वाचून दाखव म्हणाला. तिने टॅब समोर धरून खडाखडा वाचलं, एकाही शब्दाला अडखळली नाही. भाचा निश्चिंत झाला. मामाचं पान म्हणजे आईच्या दृष्टीचा दाखलाच ठरला.

आणि मग मिलिमीटरच्या हातून चूक झाली. एका रविवारी तो नुसता मथळा सुटा करून पाहत होता. ते अंतर चुकून सबंध पानाला लागलं, आणि याचं लक्ष होतं नव्या रंगाकडे. तसंच पान वर चढवून तो मोकळा झाला. सोमवारी फोन आला तेव्हा त्यानेच विचारलं, "ताई, पान पाहिलंस का? चौदावा पांढरा लावलाय."

"पाहिलं की! सुरेख दिसतोय चौदावा. आणि अक्षर तर काय, अगदी मोत्यासारखं."

याला बरं वाटलं. पुढे भाच्याला सांगितलंही, चौदावा पांढरा आवडला तुझ्या आईला. लॅबमध्ये त्या महिन्यात कामाची रीघ लागली होती, त्यामुळे बरेच दिवस त्याने पानाला हात लावला नाही. एका शनिवारी दुपारच्या सुट्टीत सहज फोनवर उघडून पाहिलं, तर 'नमस्कार'चे तुकडे. 'पान'चे तुकडे. पाचही वाक्यांच्या डोक्यावरचं छप्पर उडालेलं. त्याने दिवस मोजले. वीस झाले होते. वीस दिवस ताई रोज फोन करून छान म्हणत होती.

समोर मेण तापवून ठेवलं होतं, ते निवलं. त्याने पुन्हा तापवलं. त्या दिवशीच्या कवळीतला एकही दात पुढेमागे झाला नाही.

रविवारी सकाळच्या बसने तो न कळवता ताईकडे गेला. घंटा वाजवली. दार उघडून ताई समोर उभी राहिली, केस नीट विंचरलेले, नजर थेट त्याच्या तोंडावर.

"कोण?" तिने विचारलं.

तो हातभर अंतरावर होता.

"कोण आहे? गॅसवाला का? सिलिंडर काल येऊन गेला."

"मी आहे, ताई."

"अगं बाई, तू होय! उन्हात डोळे दिपले रे माझे."

जिन्यात ऊन नव्हतं. तिथे दिवसासुद्धा दिवा लावावा लागायचा.

आत मात्र ती अशी चालली की पैज लावावी. खुर्ची चुकवली, स्टूल चुकवलं, न चाचपडता साखरेचा डबा काढला. कपात बोट धरून चहा ओतला. कपाशी वाकलेल्या तिच्या हातावर त्याला भाजल्याचे तीन डाग दिसले, एक जुना, एक खपली धरलेला, एक कालपरवाचा. टॅब फडताळात एका रुमालाखाली होता. त्याने बटण दाबून पाहिलं, पण त्यात जीव नव्हता.

"ताई," तो म्हणाला, "पानावरची शिरोरेषा तुटलीय."

"कधी?"

"तीन आठवडे झाले."

तिने कप खाली ठेवला. तो बशीच्या काठावर आपटला. "कुणी पाहिली?"

"कुणीच नाही."

तिने चाचपून कप बशीत नीट बसवला. मग ती म्हणाली, "वर्ष झालं रे. आधी कडा गेल्या, मग मधलंही गेलं."

"मग व्हिडिओ कॉलवर वाचलंस ते?"

"पाठ होतं. नऊ वर्षं तीच पाच वाक्यं! दुसरीतलं पोरही पाठ करील. आणि रंग तर तू स्वतःच सांगायचास. प्रश्नातच उत्तर देणारा असा मास्तर मिळाला तर कोण नापास होईल?" ती चक्क हसली. "मजकूर बदलला असतास ना, तर तेव्हाच पकडली गेले असते."

तिने टोमणा म्हणून म्हटलं नव्हतं. पण नऊ वर्षं आपण भिंत रंगवत बसलो आणि तिच्याआड ताई एकटी हात भाजून घेत होती, हे त्याला लख्ख कळलं. कळलं तेवढंच. आत काही हललं नाही, आणि त्याचीच त्याला लाज वाटली.

"त्याला सांगू नकोस," ताई म्हणाली. "या घरात मी आंधळी नाही. पलंगापासून ओटा अकरा पावलं, ओट्यापासून दार सात. दुसऱ्याच्या घरात गेले की आंधळी होईन."

"मी येऊन राहू इथे?"

"तू? अरे, मला दिसत नाही आणि तुला काही लागत नाही. घराला आग लागली तरी दोघांना पत्ता लागायचा नाही."

दुपारी भाच्याचा नेहमीचा फोन आला. मामा आलाय म्हटल्यावर तो खूश झाला. ताईने फोन पुढे केला, मिलिमीटर बसला होता त्याच्या जरा डावीकडे. त्याने हात लांबवून तो घेतला.

"मामा, बरं झालं गेलास. आता समोर बघून सांग. दिसतं का तिला?"

ताई टेबलावर तळवा पालथा ठेवून बसली होती. श्वासही जपून घेत होती. त्याने कालपरवाच्या डागाकडे पाहिलं.

"नाही," तो म्हणाला. "अजिबात दिसत नाही."

पुढच्या शनिवारी भाचा रजा काढून आला. मिलिमीटर सामान बांधायला गेला होता. ताई त्याच्याशी चकार शब्द बोलली नाही. जिना मोजत मोजत उतरली, भाच्याने पुढे केलेला हात तिने घेतला नाही. खाली रस्त्यावर आल्यावर मात्र थांबली, आणि पुढची पावलं ठाऊक नव्हती म्हणून घेतला.

त्यानंतर सकाळी सात दहाला फोन वाजेनासा झाला. मिलिमीटर चहाचा कप घेऊन संगणकापुढे बसायचा. एकदा चौदावा पांढरा काढून तिसरा लावला, पण कुणासाठी, ते कळेना, म्हणून काढून टाकला. नवव्या दिवशी त्याने पहिल्यांदा मजकुराला हात घातला. शेवटची दोन वाक्यं खोडली आणि त्या जागी लिहायला लागला. तीन ओळींना त्याला तीन सकाळी लागल्या. मग अक्षरांमधलं इतके दिवस तसंच ठेवलेलं ते वाढीव अंतर काढून टाकलं, आणि शिरोरेषा जुळून आली.

बाराव्या दिवशी सात दहाला फोन वाजला.

"वाच," ताई म्हणाली. कसा आहेस नाही, बरी आहे नाही.

त्याने पान उघडलं आणि कवळीत दात बसवावा तसा एकेक शब्द जपून वाचला. "नमस्कार. हे माझं पान. मी दात बनवतो. माझ्या ताईला दिसत नाही, हे मी तिच्या मुलाला सांगितलं. म्हणून तिला तिचं घर सोडावं लागलं. आता सकाळी फोन वाजत नाही, तेव्हा मला फार त्रास होतो."

पलीकडे भांड्यांचा आवाज येत होता. कुणाच्या तरी घरातला सकाळचा आवाज.

"'सांगितलं'वर दोन्ही अनुस्वार दिलेस?"

"दिले."

"आणि शिरोरेषा?"

"जोडली."

"नीट बघून सांग," ताई म्हणाली. "मला दिसत नाही रे."

पकडली गेल्याशिवाय, स्वतः होऊन हे ती कुणालाही म्हणाली नव्हती. मिलिमीटरने खुर्ची पुढे ओढली, पडद्यावर बोट ठेवलं आणि रेघेवरून हळूहळू सरकवत नेलं. मधेच ओळ हलायला लागली. त्याने डोळे पुसले आणि पुन्हा पहिल्या अक्षरापासून बघायला घेतलं.