अडीच ग्रॅमची सही

ताई, तुझ्याविषयी लिहायला बसले आहे. खोटं वाटलं तर कान उपट, पण आधी शेवटपर्यंत वाच. मधूनच चुका काढायची तुझी खोड मला ठाऊक आहे.

तर ही आमची ताई मशरूम डबाबंद करणाऱ्या कारखान्यात प्रयोगशाळा सांभाळते. प्रयोगशाळा म्हणजे उकळत्या पातेल्यांमागची दहा बाय आठची खोली, एक काटा, एक शेगडी आणि ॲसिडने भोकं पाडलेल्या कोटात ताई. मिठाच्या पाण्यातलं मशरूम निथळायचं, वाटायचं, त्यातला नायट्रोजन मोजायचा आणि आकड्याला सव्वासहाने गुणायचं. झाली प्रथिनं! शंभर ग्रॅमला अडीच ग्रॅम. अकरा वर्षं लेबलावर हाच आकडा, आणि फाइलमध्ये त्याखाली ताईची सही.

पोचे आलेले डबे घरी येत. भाऊजी रोज सकाळी एक फस्त करून आरशासमोर दंड फुगवत. दंड काही फुगत नसे, पण बायकोच्या आकड्यावर श्रद्धा दांडगी.

एके दिवशी नव्या काट्याबरोबर आलेलं माहितीपुस्तक ताई चहा पिता पिता चाळत होती. त्यात लिहिलेलं, मांसाला सव्वासहा ठीक आहे, मशरूमला चार पूर्णांक अडतीसच धरावं; कारण त्यातला बराच नायट्रोजन प्रथिनांत नसतोच, न पचणाऱ्या भागात अडकलेला असतो. ताईने गुणाकार केला. पावणेदोन! पुन्हा केला. पावणेदोनच. चहा गार झाला.

घरी सांगितलं तर भाऊजी म्हणतात, "म्हणजे पाऊण ग्रॅम मी उगाचच चावत होतो?"

"जीभही उगाचच चालवता. निवृत्तीला दोन वर्षं उरलीत, नोकरी जाईल माझी, कळतंय का?"

तरी दुसऱ्या दिवशी ती मालकांसमोर उभी राहिली. "साहेब, लेबलावरचा आकडा चुकलाय. चूक माझी आहे."

"वाढवायचाय की कमी करायचाय?"

"कमी."

"मग चूक झालेलीच नाही, बाई. लाखभर लेबलं छापून पडलीत. जा, कामाला लागा."

ताई गेली ती थेट कामालाच लागली. अन्न खात्याकडे स्वतःविरुद्ध दोन पानी तक्रार लिहिली, गुणाकारासकट, आणि पाकीट माझ्या हाती दिलं. "तूच टपालात टाक. मी गेले तर पेटीपासून परत येईन." मालकांना मात्र लगेच सांगून मोकळी झाली, "खात्याला पत्र गेलंय."

मग काय! दारात कुठलीही गाडी थांबली की मालक शर्ट खोचत आणि ताई कोटाची बटणं लावी. नवव्या दिवशी मालकांनी स्वतःच नवी लेबलं मागवली. पावणेदोन ग्रॅम! वर ताईलाच म्हणाले, "खात्याचा माणूस आला तर सांगा, आम्ही आपणहून सुधारलं."

खात्याचा माणूस काही आला नाही. "सरकारी काम अन् सहा महिने थांब," ताई अजून नाक मुरडते.

ताई, सरकारला बोल लावू नकोस. ते पाकीट माझ्या कपाटात आहे, कपड्यांच्या घडीखाली. तिकीट लावायचंसुद्धा राहिलंय.